‘ऑट’: देणें आणि कर्तव्य

इंग्रजी भाषेंत ‘ऑट’ या नांवाचें एक लहानसें क्रियापद आहे. शाळेंत व्याकरण शिकतांना तें ‘शॅल’, ‘मे’, ‘मस्ट’ इत्यादि साहाय्यक क्रियापदांच्या रांगेंत शेवटीं कोठें तरी येतें. मास्तर त्याचा अर्थ ‘पाहिजे’ असा सांगतात आणि विद्यार्थी पुढच्या धड्याकडे वळतो. परंतु नीतिशास्त्रावरचें एखादें इंग्रजी पुस्तक हातीं घेतलें कीं हेंच क्रियापद पानोपानीं भेटूं लागतें. कर्तव्य म्हणजे काय, तें कोठून उत्पन्न होतें, तें कोणाविषयीं असतें, ही सारी चर्चा इंग्रजींत या एका शब्दाभोंवतीं फिरते. आणि त्या शब्दाचें कूळ शोधूं गेल्यास आपण येऊन पोहोंचतों तें आपल्याच घरांतल्या एका जुन्या वादापाशीं. आईबापांनीं मुलांसाठीं जें केलें तें मुलांवर कर्ज आहे काय? ‘आपण समाजाचें देणें लागतों’ असें आपण सहज म्हणतों. तें देणें किती, आणि फेडून घेणारा कोण? थोडक्यांत, कर्तव्य हें कर्जाचेंच सोंवळें नांव आहे कीं कांहीं निराळी वस्तु आहे, हा तो प्रश्न होय.

आजच्या ‘ऑट’चें मूळ जुन्या इंग्रजींतील ‘आगन’ या क्रियापदांत आहे. सुमारें हजार वर्षांपूर्वीं त्याचा मुख्य अर्थ ‘जवळ असणें, मालकीचें असणें’ असा होता. पुढें या एका क्रियापदाचीं रूपें एकमेकांपासून फुटून निरनिराळ्या वाटांनीं गेलीं. त्याच्या वर्तमानकाळापासून ‘ओ’ हें क्रियापद झालें. त्याचा आजचा अर्थ ‘देणें लागणें’. त्याच्या ‘आहते’ या भूतकाळी रूपापासून ‘ऑट’ झालें. आणि त्याच्याच धातुसाधितापासून ‘ओन’ हें विशेषण निघालें. त्याचा अर्थ ‘स्वतःचा’. म्हणजे ‘हें माझें आहे’, ‘मी देणें लागतों’ आणि ‘मीं केलें पाहिजे’ हीं तीन वाक्यें आज कितीही निरनिराळ्या व्यवहारांतलीं वाटलीं, तरी इंग्रजींत तीं एका घरचीं भावंडें आहेत. संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस आणखी एक गोष्ट मौजेची वाटेल. भाषाशास्त्रज्ञ या ‘आगन’चें नातें आपल्या ‘ईश्’ धातूशीं लावतात. ‘ईश्’ म्हणजे स्वामित्व असणें, सत्ता चालविणें. तेव्हां इंग्रज सावकाराचा तगादा आणि आपला ईश्वर हे फार दूरचे कां होईना, पण भाऊबंद ठरतात!

असण्याचें देणें कसें झालें, हें प्रथमदर्शनीं कोडें वाटतें. कारण ज्याच्याजवळ आहे तो श्रीमंत व जो देणें लागतो तो ऋणको. पण थोडा विचार केला तर कोडें सुटतें. ‘आगन’च्या पुढें दुसऱ्या क्रियापदाचें रूप जोडून ‘मजजवळ अमुक फेडावयाचें आहे’ अशी रचना होऊं लागली, आणि हळूहळू फेडण्याचा अर्थ मूळ क्रियापदांतच मुरला. आपणही मराठींत ‘मला एक पत्र लिहावयाचें आहे’ असें म्हणतों. तेथें ‘आहे’ या साध्या शब्दावर लिहिण्याची जबाबदारी येऊन बसलेली असते. पुढें इंग्रजींत ‘हॅव’ हें क्रियापदही याच वाटेनें गेलें. ‘हॅव’ म्हणजे जवळ असणें, आणि ‘हॅव टु’ म्हणजे करावें लागणें. लॅटिन भाषेंत ‘देणें लागणें’ या अर्थाचें ‘देबेरे’ हें क्रियापद आहे. त्याची फोड ‘दे’ म्हणजे ‘पासून’ आणि ‘हाबेरे’ म्हणजे ‘जवळ असणें’ अशी होते. दुसऱ्याकडून आलेलें, दुसऱ्याच्या हक्काचें, तें आपल्याजवळ असणें, हेंच देणें. या लॅटिन शब्दाच्या वंशांत इंग्रजीचे ‘डेट’ म्हणजे कर्ज आणि ‘ड्यूटी’ म्हणजे कर्तव्य हे दोन्ही शब्द आहेत. आपल्याकडे जकातीलाही ‘ड्यूटी’ म्हणतात आणि शिपाईही ‘ड्यूटी’वर असतो, त्याचें कारण हेंच.

शेक्सपियरच्या काळापर्यंत या भावंडांची वाटणी पुरती झालेली नव्हती. ‘ऑथेल्लो’ नाटकांत इयागो म्हणतो कीं, कालपर्यंत ऑथेल्लोची असलेली गोड झोंप आतां कोणतेंही औषध त्याला परत मिळवून देणार नाहीं. तेथें ‘असलेली’ या अर्थीं कवीनें ‘ओ’ हेंच क्रियापद घातलें आहे. उलट, १५९८ सालीं छापलेल्या ‘चौथा हेन्री’च्या पहिल्या भागांत खाणावळवाली बाई राजपुत्राजवळ चहाडी करते कीं, तुम्ही आपले हजार पौंड देणें लागत होतां असें फॉल्स्टाफ म्हणत होता, येथें ‘देणें लागत होतां’ यासाठीं शब्द आहे ‘ऑट’. त्यावर तो लठ्ठ लबाड न डगमगतां उत्तर देतो कीं, हजार कशाला, दहा लाख. तुझें प्रेम दहा लाखांचें आहे, आणि तें प्रेम तूं मला देणें लागतोस. प्रेक्षक हंसतात. परंतु प्रेम हें देणें म्हणून कोणी मागूं शकतो काय, हा प्रश्न त्या हंसण्यांत बुडून जातो. तो पुढें आपणांस पुन्हां लागणार आहे.

‘शॅल’ या क्रियापदाची कथाही अशीच आहे. जुन्या इंग्रजींत त्याचाही अर्थ ‘देणें लागणें’ असा होता. बायबलाच्या त्या काळच्या भाषांतरांत धन्याचा कारभारी ऋणकोंस ‘किती देणें आहे?’ म्हणून विचारतो तें ‘शॅल’च्या रूपानें. जर्मन भाषेंत त्याच कुळांतला ‘शुल्ड’ हा शब्द कर्ज आणि अपराध या दोन्ही अर्थांनीं चालतो. या धाग्यावरून नीत्शेनें १८८७ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, मनुष्याची अपराधाची जाणीव मुळांत धनको व ऋणको यांच्या व्यवहारांतून जन्मली. सद्सद्विवेकबुद्धि म्हणून आपण जिला पूजतों ती पहिल्यानें सावकाराच्या ओट्यावर वाढली. नीत्शेची लेखणी फार धारदार, आणि धारदार लेखणीच्या लेखकावर वाचक लवकर विश्वास ठेवतो. पण शब्दाच्या कुळावरून वस्तूचा निवाडा करणें हें न्यायाचें नव्हे. ‘तेल’ शब्द तिळापासून निघाला म्हणून खोबरेल हें तेल नाहीं, असें कोणी म्हणत नाहीं. शब्दाचा इतिहास साक्षीदार होऊं शकतो, न्यायाधीश होऊं शकत नाहीं.

आमच्या परंपरेंत तर ऋणाची कल्पना आडून आलेली नाहीं, ती उघडच मांडलेली आहे. तैत्तिरीय संहितेंत ब्राह्मण हा जन्मतःच तीन ऋणें घेऊन येतो असें सांगितलें आहे. ब्रह्मचर्यानें ऋषींचें, यज्ञानें देवांचें व संततीनें पितरांचें ऋण फिटतें. शतपथ ब्राह्मणांत यांत मनुष्यांच्या ऋणाची भर पडली आहे. ही कल्पना भव्य आहे यांत शंका नाहीं. परंतु आमच्याच नैयायिकांनीं तिला जो प्रश्न केला तो फारसा कोणाच्या कानावर जात नाहीं. न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायांत मोक्षाविषयीं चर्चा चालू असतां पूर्वपक्ष म्हणतो कीं, ऋणें फेडण्यांतच आयुष्य सरतें, मग मोक्षाला सवड कोठें? त्यावर उत्तर असें कीं, येथें ‘ऋण’ शब्द मुख्यार्थानें घेतां येत नाहीं, तो गौण आहे. जेथें एकजण परत मिळण्याच्या बोलीनें देतो व दुसरा परत करण्याच्या बोलीनें घेतो तेथें खरें ऋण; जन्मतः असा व्यवहार झालेला नसतो, म्हणून हें ऋणासारखें, ऋण नव्हे. कर्तव्यांत आणि कर्जांत साम्य आहे, एकरूपता नाहीं, हें सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं आमच्या पंडितांनीं इतक्या स्वच्छपणें सांगून ठेवलें असतां आम्ही मात्र ‘ऋण’ म्हटलें कीं खतावणी उघडून बसतों.

आतां ‘ऑट’च्या व्याकरणाकडे वळूं. हा भाग रुक्ष वाटेल, परंतु आमच्या मतें सर्व मर्म येथेंच आहे. ‘ओ’ या क्रियापदाला दोन कर्में लागतात: कोणाला आणि काय. ‘मी रामभाऊंना शंभर रुपये देणें लागतों’ असें त्याचें वाक्य पुरें होतें. धनको आणि रक्कम, दोन्ही पाहिजेत. ‘ऑट’ला यांतलें एकही चालत नाहीं. त्याच्यापुढें माणसाचें नांव येत नाहीं, आंकडाही येत नाहीं. येतें तें केवळ दुसरें क्रियापद. जावें, बोलावें, थांबावें. भाषेनें कर्जाचा शब्द उचलला आणि त्यांतून सावकार व रक्कम हीं दोन्ही गाळून टाकलीं! मग उरलें काय? उरली ती केवळ करणाऱ्यावरची ओढ, आणि करावयाची कृति.

याहूनही विलक्षण गोष्ट त्याच्या काळाची. ‘ऑट’ हें स्वतः भूतकाळी रूप असल्यामुळें त्याला आतां निराळा भूतकाळ नाहीं, भविष्यकाळ नाहीं, धातुसाधित नाहीं. ‘ओ’चा भूतकाळ होतो; ‘मी देणें लागत होतों’ म्हणजे आतां बहुधा लागत नाहीं, फिटलें. ‘ऑट’ला असें म्हणतांच येत नाहीं. भूतकाळाविषयीं बोलावयाचें झाल्यास इंग्रज ‘ऑट टु हॅव’ अशी जोडणी करतो, आणि तिचा अर्थ बहुधा एकच होतो: करावयास पाहिजे होतें, पण केलें नाहीं. फेडीची पावती या क्रियापदाला ठाऊकच नाहीं; त्याच्या भूतकाळांत केवळ पश्चात्तापाला जागा आहे. मराठींतही हा भेद आहे, फक्त आपण लक्ष देत नाहीं. ‘मला जावें लागलें’ म्हणजे गेलों, सुटलों. ‘मीं गेलें पाहिजे होतें’ म्हणजे गेलों नाहीं, आणि तें अजून मनाला खातें आहे. ‘पाहिजे’ हें मुळांत ‘पाहणें’ या धातूचें जुनें कर्मणि रूप. ‘पाहिलें जातें’, म्हणजे कोणी तरी वाट पाहत आहे. कोण, तें शब्द सांगत नाहीं. तेथेंही धनको बेपत्ताच!

‘मस्ट’शीं तुलना केली म्हणजे ‘ऑट’चा स्वभाव अधिक उघडा होतो. ‘त्यानें जाणें ऑट आहे, पण तो जाणार नाहीं’ हें इंग्रजींत सरळ वाक्य आहे; ‘मस्ट’ घातल्यास तेंच वाक्य कानाला खटकतें. ‘मस्ट’च्या पाठीशीं काठी असते. ‘ऑट’ सांगतें आणि बाजूला उभें राहतें. शिवाय दिवाळखोर झालेल्या मनुष्याचें कर्ज बुडत नाहीं, तो देणें लागतोच. परंतु ज्याला करणें शक्यच नाहीं त्याला ‘ऑट’ लावतां येत नाहीं, असा सिद्धांत कान्टच्या नांवानें प्रसिद्ध आहे. म्हणजे कर्ज आणि कर्तव्य येथेंही दोन वाटांनीं जातात.

मग प्रश्न येतो कीं, सावकार नाहीं, रक्कम नाहीं, काठी नाहीं, तर या शब्दाला जोर कोठून येतो? डेव्हिड ह्यूमनें १७४० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथभागांत वाचकांस सावध केलें कीं, नीतीवरचे लेखक ‘आहे’ आणि ‘नाहीं’ अशीं वाक्यें जोडीत जोडीत एकाएकीं ‘ऑट’वर उडी मारतात, व ही उडी कोणत्या आधारावर मारली तें मात्र सांगत नाहींत. तेव्हांपासून ही दरी ओलांडण्याचे अनेक यत्न झाले. १९६४ सालीं अमेरिकन तत्त्वज्ञ सर्ल यानें एक पूल बांधून दाखविला. गंमत ही कीं त्याचें उदाहरण होतें एका मनुष्यानें दुसऱ्यास पांच डॉलर देण्याचें दिलेलें वचन! वचन दिलें, म्हणून बांधला गेला, म्हणून दिले पाहिजेत. पूल पक्का असेलही, पण तो जातो पुन्हां सावकाराच्याच दाराशीं. ज्यानें कांहींच वचन दिलें नाहीं त्याचें काय? त्यापूर्वीं १९५८ सालीं अँस्कम या इंग्रज विदुषीनें तर असें म्हटलें होतें कीं, नियम घालून देणाऱ्या ईश्वरावरचा विश्वास सोडून दिल्यावर ‘ऑट’ हा नैतिक शब्द म्हणजे कायदा व न्यायालयें नाहींशीं झाल्यावर मागें राहिलेल्या ‘गुन्हेगार’ या शब्दासारखा आहे. तो टाकून देतां आल्यास बरें. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु शब्द टाकला म्हणून ओढ थांबते असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां घरांत येऊं. बाप मुलाला म्हणतो, “तुझ्या शिक्षणासाठीं आम्हीं काय काय केलें, तें विसरलास?” मुलगा उघड बोलत नाहीं, पण मनांत म्हणतो, “मीं मागितलें होतें काय?” या दोन वाक्यांनीं किती घरांतलें बोलणें कायमचें थांबलें असेल याचा हिशेब नाहीं. बापाचा पक्ष भावनेचा व मुलाचा कृतघ्नपणाचा असें आपण सहसा ठरवून टाकतों. आमच्या मतें दोघेही एकच भाषा बोलत असतात, आणि ती ‘ओ’ची भाषा आहे. बाप खतावणी पुढें करतो. मुलगा त्या खतावणीवर आपली सही नाहीं असें दाखवितो. आणि तेवढ्यापुरतें मुलाचें म्हणणें खरेंच आहे. नैयायिकांनींही तेंच म्हटलें असतें. त्याची चूक पुढच्या पायरीवर होते. कर्ज नाहीं, म्हणून कर्तव्यही नाहीं, असें तो धरून चालतो. बापानें कर्तव्याला कर्ज बनविलें, मुलानें कर्ज खोडून त्याबरोबर कर्तव्यही खोडलें.

आणि खतावणीच्या भाषेनें आईबापांचेंही भलें होत नाहीं. जें कर्ज आहे तें फिटूं शकतें. परदेशीं गेलेला मुलगा महिन्याच्या महिन्याला रक्कम पाठवितो, कदाचित् खर्च झाला त्याच्या चौपट पाठवितो, आणि मग फोन करण्याचें कारण त्याला उरत नाहीं; हिशेब पुरा झाला! अशा मुलाला दोष देतांना आपण विसरतों कीं हिशेब त्याला आपणच शिकविला. मुलीच्या बाबतींत तर ही खतावणी अधिकच विचित्र चाले. तिच्यावरचा खर्च दुसऱ्या घरीं गेला म्हणून पूर्वीं ‘बुडीत’ धरीत, आणि म्हातारपणीं उशापायथ्याशीं बसलेली पुष्कळदां तीच असे. फॉल्स्टाफचें प्रेमाचें देणें ऐकून आपण हंसतों. घरांत मात्र तेंच देणें गंभीर चेहऱ्यानें मागतों.

आपल्या भाषेंत एक जुना वाक्प्रचार आहे: आईबापांचे पांग फेडणें. ‘फेडणें’ या शब्दामुळें तो कर्जाचा वाटतो. पण ‘पांग’ म्हणजे कर्ज नव्हे, पांग म्हणजे उणीव, गरज, दैन्य. त्यांनीं किती दिलें हें मोजून परत करणें असा त्याचा अर्थ नाहीं. त्यांना आज काय उणें आहे तें पाहून तें दूर करणें, असा आहे. ज्यानें हा वाक्प्रचार प्रथम वापरला त्याला व्याकरण येत होतें कीं नाहीं कोण जाणे, नीति मात्र येत होती.

कायद्यानें या बाबतींत काय केलें तें पाहण्यासारखें आहे. भारतांत २००७ सालीं आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीं कायदा झाला. आईवडिलांनीं मुलावर किती खर्च केला, हें त्यांत विचारलेलें नाहीं. स्वतःच्या मिळकतींतून वा मालमत्तेंतून ज्यांचा निर्वाह होत नाहीं अशा आईबापांची गरज काय, हें पाहिलें आहे. आणि निपुत्रिक वृद्धाच्या बाबतींत तर त्याहून बोलकी योजना आहे: ज्या नातेवाइकाच्या ताब्यांत त्याची मालमत्ता आहे, किंवा ज्याला ती वारसानें मिळणार आहे, त्यानें ऐपत असल्यास त्याला पोसावें. ज्याच्याजवळ आहे, त्याच्यावर आहे. ‘आगन’चा हजार वर्षांपूर्वींचा प्रवास या एका कलमांत पुन्हां घडला आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हें ‘जवळ असणें’ घर व शेत एवढ्यापुरतें धरण्याचें कारण नाहीं. शिक्षण, निरोगी हातपाय, रिकामा तास, चार माणसांत असलेला शब्दाचा मान, हेंही जवळ असतें. तें कोणाकडून आलें याचा छडा लावून त्यालाच परत करूं म्हटलें तर पुष्कळदां तो देणारा हयातही नसतो. ज्याला त्याची उणीव आहे तो मात्र समोर उभा असतो.

इंग्रजींत ‘ऑट’ला आतां उतरती कळा लागली आहे. १९६१ आणि १९९१ या दोन सालांतील छापील ब्रिटिश इंग्रजीचे दहा दहा लाख शब्दांचे संग्रह करून विद्वानांनीं तुलना केली, तेव्हां ‘ऑट’ बरेंच घटलेलें आढळलें, ‘मस्ट’ही घटलें, आणि ‘नीड टु’ मात्र कितीतरी वाढलें. ‘नीड’ म्हणजे गरज. वैद्यानें रोग्याला ‘तुला विश्रांतीची गरज आहे’ असें म्हटलें तर त्यांत गैर कांहीं नाहीं. पण कचेरींतला वरिष्ठ कारकुनाला ‘तुला आज उशिरां थांबण्याची गरज आहे’ असें जेव्हां याच शब्दानें सांगतो, तेव्हां गरज असते कचेरीची, आणि ती लिहिली जाते कारकुनाच्या नांवावर. ‘ऑट’नें सावकाराचें नांव गाळलें होतें हें खरें, परंतु अशी लबाडी त्यानें कधीं केली नव्हती.